दोन दोऱ्यांची बादली

१

सकाळी साडेपाचला मी डोंगर चढायला लागते. तीनशे बारा पायऱ्या आहेत. तेव्हा सोनी कडेवर असायची, कारण सासूला डोळ्यांनी दिसत नाही आणि सोनीचा बाप अंजूरच्या गोडाऊनला नाइट शिफ्ट करून आठ वाजता घरी येतो. तीन वर्षंही न झालेल्या पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवणार?

वर जैनांचं देऊळ आहे. देवाला रोज अंघोळ घालतात, त्याला पक्षाल म्हणतात, आणि त्या पाण्याचं काम आमच्या घराकडे आहे. देवळामागे बावीस पायऱ्या उतरल्या की खडकात कोरलेलं कुंड लागतं. शेवटच्या पायरीवर अरुंद ओटा आहे, त्याखाली सरळ कडा आणि मग पाणी. उन्हाळ्यात ते बरंच खाली जातं.

पाणी ओढून वर चौथऱ्यावर आणायचं, हंड्याच्या तोंडावर जाड फडकं दुहेरी करून बांधायचं आणि हळूहळू ओतायचं. खाली जातं ते देवाचं. फडक्यावर राहतात ते जीव. केसाएवढा लाल किडा, हलणारे ठिपके, कधी नुसती ओलसर वळवळ. त्याला देवळाचे मॅनेजर हितेशभाई संखारो म्हणतात. तो फेकायचा नाही. गाळलेल्या पाण्याने फडकं बादलीत खळबळायचं आणि ती बादली परत त्याच कुंडात सोडायची. नळाच्या टाकीत नाही, झाडाच्या मुळाशी नाही. जिथून आले तिथेच.

त्यासाठी वेगळी बादली आहे. तिला दोन दोऱ्या. एक वरच्या कड्याला, एक तळाच्या कडीला. वरच्या दोरीने बादली सोडत न्यायची, पाण्याला टेकली की तळाची दोरी जराशी ओढायची. बादली आपोआप कलंडते, आवाजसुद्धा होत नाही. उंचावरून ओतलं तर ते जीव आपटून मरतात.

सासूने, जानकीबाईने, हे काम एकतीस वर्षं केलं. मला पहिल्या दिवशी तिने एवढंच शिकवलं.

"हात हलका ठेव. तू पानी न्हाय सोडत, कुनाची तरी पोरं घरी सोडतंस."

मी हसले होते. तेव्हा सोनी पोटात होती.

सोनी उशिरापर्यंत बोलली नाही. सगळं समजायचं, पण तोंडातून शब्द नाही. तहान लागली की माझा पदर दोनदा ओढायची. एक, दोन. कितीही घाईत असले तरी मला ते दोन झटके कळायचे.

२

चैत्र पुनवेच्या आदल्या दिवशी वर फार गर्दी होती. रोजचे दोन हंडे, त्या दिवशी सात. सातवा गाळून होईपर्यंत साडेनऊ झाले. खालून करिष्माचा फोन आला. ती आमच्या शेजारची.

"दहाची रिक्षा हाय गं. धामणकर नाक्यावर फ्रॉकचा सेल लागलाय, आजचा शेवटचा दिवस. येतंस का मी जाऊ?"

"आले, आले. थांबव त्याला."

"त्याला काय मी पदराला बांधून ठेवू? तुझ्या पोरीचा वाढदिवस, माझ्या न्हाय. उतर लवकर."

फडकं माझ्या हातात होतं. बादलीत संखारो खळबळून ठेवलेला. फक्त बावीस पायऱ्या उतरायच्या आणि चढायच्या. पाय दुखत होते. सोनी पदर ओढत होती, एक, दोन.

"थांब, खाली गेल्यावर देते," मी म्हणाले.

आणि मी बादली तिथेच चौथऱ्याच्या बाजूला काळ्या खडकावर उपडी केली.

खडक तापलेला होता. पाणी पसरलं आणि कडेने आत आत येत सुकायला लागलं. सोनी उकिडवी बसून बघत राहिली. तिने बोट पुढे केलं, काहीतरी दाखवल्यासारखं. मी खाली बघितलं नाही. तिला उचललं, बादली उलटी टांगली आणि निघाले.

देवळाच्या दारात हितेशभाई टोकन वाटत होते. रोजचा प्रश्न त्यांनी रोजच्यासारखाच विचारला.

"दिपिकाबेन, संखारो बराबर सोडला ने?"

"हो भाई."

रिक्षा मिळाली. फ्रॉक मिळाला. पिवळा, गळ्याशी जाळीचं फूल. रिक्षात करिष्मा म्हणाली, "अगं पोरगी बघ कशी ओढतेय तुला." तेव्हा मला आठवलं की मी तिला पाणी दिलंच नाही.

३

दुसऱ्या दिवशी पहिला हंडा गाळला आणि फडकं उलटलं, तर त्यावर काही नव्हतं.

काही म्हणजे काहीच. ठिपका नाही, केस नाही, गाळ नाही. धुऊन वाळत घातल्यासारखं पांढरं. मी फडकं उजेडात धरलं, बोट फिरवलं. दुसरा हंडा गाळला. तेच.

मी स्वतःला समजावलं. काल सात हंडे उपसले, वरचं पाणी संपलं असेल, खालचं नितळ असेल. सातवीपर्यंत शिकलेय मी, एवढं डोकं चालतं. तरी नियम म्हणून ते रिकामं फडकं बादलीत खळबळलं आणि खाली जाऊन सोडलं. बादली हातात अगदी हलकी वाटली, पाणी असूनही.

वर आले तेव्हा खडकावर लक्ष गेलं. काल जिथे ओतलं होतं तिथे तळहाताएवढी ओल होती. सकाळचे सात, दव असेल म्हटलं. नऊला परत बघितलं. चारी बाजूंनी खडक पायाला चटका देत होता आणि मधे ती ओल तशीच. हात लावला. कुंडाच्या पाण्यासारखी गार.

मी साडीनेच ती पुसली. पुसली गेली. हंडा आत देऊन परत आले तर होती.

४

त्या आठवड्यात सोनीची तहान वाढली. भांडं संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं. उन्हाळा आहे, मी म्हटलं. पण एका दुपारी तिने भांडं हातात घेतलं, माझ्या पदराचं टोक ओढून भांड्याच्या तोंडावर पसरलं आणि त्यावर ओठ ठेवून पाणी ओढून प्यायली. सगळं प्यायल्यावर पदर उलटा केला आणि निरखून बघितला.

सोनीचा बाप जेवत होता. तो हसला.

"तुझंच बघून शिकली. उद्यापासून तिलाच पाठव वर, तू झोप."

खरंच होतं ते. रोज बघते, शिकणारच. मीही हसले. मग ती पदर तसाच दोन्ही हातांवर धरून घरभर फिरायला लागली. कुठे ठेवायचं ते तिला सापडत नव्हतं. शेवटी माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

खडकावरची ओल आता तिथे नव्हती. मला बरं वाटलं, पण देवळातून निघाले तर ती पहिल्या पायरीवर होती. तेवढीच, तळहाताएवढी. दुसऱ्या दिवशी बाराव्या पायरीवर. यात्रेकरूंच्या बाटलीतून सांडत असेल. कुणाचे ओले पाय असतील. मी रोज एक नवं कारण शोधायचे आणि रोज ती आणखी खाली असायची. चाळीस. नव्वद. उन्हात, लोकांच्या पायाखाली, आणि कुणाचा पाय तिने ओला होत नव्हता. कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. फक्त सोनी. ती कडेवरून वाकून त्या पायरीकडे बघायची, आणि पायरी मागे पडली तरी मान वळवून बघत राहायची.

५

सोनी सुकायला लागली. एवढं पाणी पिऊन तिचे ओठ फाटले. लघवीला होईना. रडायची तेव्हा तोंड वाकडं व्हायचं, आवाज यायचा, पण डोळ्यांत पाणी नाही. नाक्यावरच्या डॉक्टरांनी तिची कातडी चिमटीत धरली, सोडली, ती तशीच उभी राहिली.

"पाणी पाजत नाही का हिला?" त्यांनी विचारलं.

"पाजते. दिवसभर पाजते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सलाईन लावली, दोन बाटल्या गेल्या. संध्याकाळी घरी आणली तर तोंड परत कोरडं. सोनीचा बाप म्हणाला, उद्या ठाण्याला मोठ्या दवाखान्यात नेऊ. पण उद्या त्याला सुट्टी नव्हती. परवा ठरलं.

सोनीला घरीच निजवलं, बाप येईपर्यंत तिच्याजवळ करिष्माला बसवलं आणि मी सकाळी कामावर गेले. मला वाटत होतं हितेशभाईंना सांगून टाकावं. ते चौथऱ्याजवळ सुरतहून आलेल्या लोकांना माहिती सांगत होते. ती माहिती मला पाठ आहे. सातशे वर्षांपूर्वी खाडीतून गलबतं यायची, एका व्यापाऱ्याने हे देरासर बांधलं. या खडकातल्या खोल्यांत साधू पावसाळ्याचे चार महिने राहायचे. पुढे लुटीच्या भीतीने मूर्ती कुंडात लपवली, आणि कित्येक वर्षांनी खालच्या पाड्यातल्या एका बाईला पाणी भरताना ती सापडली. म्हणून पाणी गाळायचा मान अजून त्याच घराला. असं म्हणून ते माझ्याकडे हात करतात आणि लोक मला नमस्कार करतात.

त्या दिवशी त्यांनी पुढे एक वाक्य म्हटलं. रोज म्हणत असतील, मी ऐकलं त्या दिवशी.

"सातशे वरसमां आ कुंडाचा एक पण जीव बाहर राहिला नाही. जे काढलं ते पाछा आत गेलं. एक पण नाही."

लोकांनी हात जोडले. मीही जोडले.

सांगितलं असतं तर काम गेलं असतं. मान गेला असता. सासूची एकतीस वर्षं गेली असती. मी हंडा उचलला आणि आत दिला. हितेशभाईंनी विचारलं, बराबर ने? मी मान हलवली.

उतरताना मोजलं. ओल तीनशे सहाव्या पायरीवर होती. खाली फक्त सहा राहिल्या होत्या, आणि मग आमचा पाडा.

६

दुसऱ्या दिवशीही तिला घरीच ठेवून गेले. कामावरून परत आले तर सोनी जमिनीवर पालथी पडली होती. पिवळा फ्रॉक घातलेला. आदल्या रात्रीपासून ती तोच मागत होती, बोट दाखवून. मी धावले. ती झोपली नव्हती. तिने गाल जमिनीला लावला होता, आणि गालाखाली शेणाने सारवलेल्या जमिनीत तळहाताएवढी ओल होती. तेवढाच एक गाल मऊ होता. बाकी पोरगी लाकडासारखी.

दुपारी ठाण्याला निघायचं होतं, तोवर सोनीचा बाप पलीकडे घोरत होता. सासू उंबऱ्याशी बसली होती. तिला दिसत नाही, पण ती चाचपडत आली, ओलीवर हात ठेवला, मग बोटं नाकाला लावली.

"हे घरचं पानी न्हाय," ती म्हणाली. "कुंडाचं हाय."

मी सोनीला उचलून मांडीवर घेतलं.

"कुठं सांडलंस?"

"वर. खडकावर."

"किती दिस झाले?"

"सेलच्या दिवशी."

मला वाटलं ती मारेल. तिने फक्त माझा हात चाचपून धरला. 

"तू त्याला घरी न्हाय सोडलंस. मग ते तुझ्या घरी आलं. त्याला दुसरं घर कुठं ठाव हाय?" मग ती म्हणाली, "गाळायचं फडकं आन. ही ओल टिपून घे, सुकायच्या आत वर ने, आनी सोड. हात हलका ठेव. पोरीला माझ्यापाशी ठेव."

"तिला बघा कशी झालीय, मी कशी ठेवू?"

"ठेव म्हंते ना. आंधळी हाय, मेली न्हाय मी. तिला तिथं नेऊ नको."

मी फडक्याने ओल टिपली. ती सगळी फडक्यात आली, जमीन कोरडी झाली. फडकं जड झालं, चार तांबे पाणी प्यायल्यासारखं. सोनीने डोळे उघडले आणि माझा पदर धरला. ओढला नाही, ओढायची ताकद नव्हती. नुसता धरला.

मी तिला घेऊन गेले. सासू मागून हाक मारत होती, पाड्याच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं. मी आई होते. मला तिला मागे सोडवलं नाही.

७

दुपारचे बारा वाजले होते. पूजा संपून देऊळ बंद झालेलं, यात्रेकरू खाली धर्मशाळेत जेवायला गेलेले. तीनशे बारा पायऱ्या मी कधी चढले ते कळलं नाही, कारण सोनीचं वजनच लागत नव्हतं. सुकवलेल्या मासळीला असतं तेवढंसुद्धा नाही.

कुंडाच्या ओट्यावर पोचले. एका हाताने तिला कडेवर धरलं, दुसऱ्याने फडकं बादलीत पिळलं. वाटीभर पाणी निघालं. त्यात काही दिसलं नाही. वरच्या दोरीने बादली सोडायला लागले.

ती जड होती. वाटीभर पाण्याची बादली, आणि एका हातात पेलवेना. जितकी खाली जाई तितकी जड होत होती आणि माझी कड तितकी हलकी होत होती. हे मला तेव्हा जाणवलं. मी खोटं बोलणार नाही, मला जाणवलं होतं. पण हात दोरीला होता. सोडली असती तर बादली आपटली असती. आणि ओढून घ्यावी हे मला सुचलं नाही, की सुचलं आणि मी नाही ओढली, ते मला आता सांगता येत नाही.

बादली पाण्याला टेकली. मी तळाची दोरी ओढली. बादली कलंडली नाही.

मग खालून दोरी ओढली गेली. एक. दोन.

मी वाकून बघितलं. डोक्यावर ऊन होतं, पाणी तळापर्यंत उजळलेलं. त्यात माझी नुसती सावली नव्हती, मी होते, साडी, तोंड, सगळी स्पष्ट. माझा डावा हात कमरेशी वाकलेला होता, पोर धरल्यासारखा. त्या हातात कुणी नव्हतं. आणि बादलीच्या खाली, खोल, पिवळं काहीतरी फुलासारखं उघडलं आणि मिटलं.

बादली कलंडली. आवाज झाला नाही.

त्याच वेळी कडेवर वजन आलं. चांगलं भरलेलं, ओलसर, गरम वजन. सोनीने मान उचलली, माझ्याकडे बघितलं आणि स्पष्ट म्हणाली,

"पाणी."

तो तिचा पहिला शब्द. मी तिथेच बसले आणि रडले. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. ते गालावरून घरंगळलं, आणि मी तिला छातीशी धरून किती वेळ देवाचं नाव घेत होते.

८

सोनी आता बरी आहे. अंगाने भरली. दिवसाला दोन नवे शब्द बोलते. डॉक्टर म्हणाले, बघा, पाणी पाजलं की कशी झाली. सोनीच्या बापाने जिलबी आणली. करिष्मा म्हणते, "माझ्याच सेलच्या फ्रॉकचा पायगुण." हितेशभाई खाली धर्मशाळेत आले की तिला बदाम देतात आणि ती "जय जिनेंद्र" म्हणते. लोकांना कौतुक वाटतं.

फडक्यावर पुन्हा जीव येतात, पूर्वीसारखे. खडक कोरडा आहे. पायऱ्या कोरड्या आहेत.

सासूने पहिल्या दिवशी पोरीचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. कपाळ, नाक, कान. बराच वेळ. मग हात मांडीवर ठेवले. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काय न्हाय. पोरगी गुटगुटीत हाय." तेव्हापासून तिने तिला मांडीवर घेतलं नाही.

मी तिला नीट वाढवते. न्हाऊ घालते, भरवते, रात्री कुशीत घेते. तिची काही चूक नाही. तिला मीच उन्हात फेकलं होतं. ती भांडं तोंडाला लावून गटागटा पाणी पिते, आणि हवं असलं की तोंडाने मागते. पदर ओढत नाही. एकदाही नाही. मी मुद्दाम तिला थोडा वेळ तहानलेली ठेवून बघितलं. तेही पाप मी केलं. ती म्हणाली, "आई, पाणी दे ना."

कामावर आता तिला नेत नाही, करिष्माकडे ठेवते. सकाळी संखारो घेऊन बावीस पायऱ्या उतरते. हात हलका ठेवून बादली सोडते. टेकली की थांबते. तळाची दोरी मी ओढायच्या आधीच खालून ओढली जाते. एक, दोन. रोज.

"थांब," मी म्हणते. मला दुसरं काही सुचत नाही.

मग मी ओट्यावर पालथी पडते आणि पदर सोडून त्याचं टोक खाली सोडते. साडी कमरेपर्यंत सुटते एवढा सोडते. पाणी अजून चार हात खाली राहतं.